सान मिगेलच्या मिरवणुकीला नकार देणाऱ्या अधिकाऱ्यांस खुले पत्र

मा. उद्यान परवाना अधिकारी,
दक्षिण फ्लोरिडा

महोदय,

सादर नमस्कार. २९ सप्टेंबरच्या, देवदूत सान मिगेलच्या उत्सवासाठी उद्यान देण्याचे आपण तोंडी कबूल केले होते. परवा मात्र आपल्या कार्यालयाचे दोन ओळींचे उत्तर आले की मिरवणुकीला परवानगी नाही, हवा तर हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषकांच्या, वारसा महिन्याच्या कार्यक्रमात अर्धा तास मंच मिळेल. आपल्या औदार्याने आम्ही भारावून गेलो आहोत.

मी मराठी असले तरी माझे सासर मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमालातल्या सान मिगेल अकातान गावचे, अकातेक भाषा बोलणारे मूळनिवासी माया. इंग्रजी अर्ज भरता येणारी घरात मी एकटी, म्हणून बिनपगारी रजा काढून आपल्या खिडकीपुढे मीच ताटकळले, विम्याचे कागद मीच जोडले, मारिंबा हे लाकडी पट्ट्यांचे वाद्य वाजवणाऱ्यांना आगाऊ रक्कमही मीच दिली आणि आता सासरच्यांपुढे मान खाली घालण्याची पाळीही माझ्यावरच आली आहे. आमच्या गणपतीला सभागृह एका अर्जावर मिळते. भाजीच्या मळ्यातून चिखलाच्या बुटांनी येणाऱ्यांसाठी मात्र नियमांचे पुस्तक उघडले जाते!

मागील उत्सवात जमिनीवर अंथरलेल्या पाइनच्या हिरव्या पानांना आपल्या निरीक्षकांनी कचरा म्हटले होते. त्याच पानांवरून सान मिगेलची मूर्ती खांद्यावर येते, एकाच मारिंबावर तिघे-चौघे दाटीने उभे राहून वाजवतात आणि सासूबाई त्या वासाने आपल्या डोंगरात जाऊन येतात. हे सारे दोन भाषणांच्या मधल्या फटीत कसे बसवायचे, ते आपणच सांगावे.

ग्वातेमालाच्या १९६० ते १९९६ च्या युद्धात दोन लाखांवर माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली, आणि ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते, असे सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये नोंदवले. माया म्हणून मारल्या गेलेल्यांच्या लेकरांनी सण मात्र हिस्पॅनिक म्हणून साजरा करायचा, हा आपला न्याय.

एकट्या आपल्याला तरी काय बोलावे? कागदपत्रांविना देशात आलेल्याला गाडीत बसवून राज्यात आणणे याच राज्याने २०२३ मध्ये गुन्हा ठरवले, आणि जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनने चर्च-शाळांतल्या धरपकडीवरचे निर्बंधही काढून टाकले. टोमॅटो तोडायला हे हात चालतात. त्याच हातांनी मूर्ती उचलली की सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात येते.

नकाराचे कारण कलमासह लेखी कळवावे आणि अनामत रक्कम सणाआधी परत करावी, कारण मारिंबावाल्यांचे उरलेले पैसे त्यातूनच द्यायचे आहेत.

आपली,
एक करदाती