केबल स्ट्रीटची भिंत

लंडन, ५ ऑक्टोबर

प्रिय बंड्या,

चार महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालत असशील. घाल. काल अचानक काकू आठवल्या, म्हणून बसलो लिहायला.

शॅडवेलला उतरून केबल स्ट्रीटला गेलो होतो. तिथल्या जुन्या टाउन हॉलच्या अख्ख्या भिंतीवर ४ ऑक्टोबर १९३६ चा राडा रंगवलाय. त्या रविवारी ब्रिटिश फॅसिस्टांचा पुढारी ऑस्वल्ड मोझली आपले दोन-तीन हजार काळे शर्टवाले घेऊन ईस्ट एंडच्या ज्यू वस्तीतून मोर्चा नेणार होता. बंदी घाला म्हणून हजारोंनी सह्या दिल्या, सरकार ढिम्म. ज्यूंचे पुढारी म्हणे, घरात बसा. तरुण कम्युनिस्टांची तर त्याच दिवशी ट्रफॅल्गर चौकात स्पेनमधल्या फॅसिस्टविरोधी लढ्यासाठी सभा. वस्तीतून दट्ट्या आला तेव्हा छापून तयार असलेल्या पत्रकांवरच ‘बदल : आल्डगेटला या, दुपारी २’ असं वरून छापलं!

आल्डगेटजवळच्या गार्डिनर्स कॉर्नरला एका ड्रायव्हरने ट्राम मधेच सोडून दिली, रस्ता बंद. मग पोलीस केबल स्ट्रीटने वाट काढायला निघाले. तिथे आडवा पाडलेला ट्रक, घोड्यांच्या टापांखाली गोट्या, आणि वरच्या खिडक्यांतून बायका मुताची भांडी डोक्यावर ओततायत. पोलिसांच्या डोक्यावर, बरं का. फॅसिस्टांना चोपलं असं सगळे सांगतात, पण त्या गल्लीत झुंज झाली ती पोलिसांशी. मोझलीची माणसं रॉयल मिंटपाशी, म्हणजे टांकसाळीपाशी, रांगा लावून ताटकळत होती. शेवटी कमिशनरने त्यांना उलट्या दिशेला धाडलं.

पुढच्याच रविवारी माइल एंडला ज्यूंच्या दुकानांच्या काचा फुटल्या, हेही लिहितो. नाहीतर म्हणशील, गोष्ट गोड करून सांगतो. राजकीय गणवेशावर कायद्याने बंदी आली ती १९३७ पासून.

पण मी भिंतीपाशी थबकलो तो आयरिश गोदी कामगारांमुळे. ज्यूंशी त्यांचं फार सख्य होतं असं नाही, तरी अडथळे रचायला ते पुढे. का? १९१२ च्या गोदी संपात ज्यू शिंप्यांनी त्यांची उपाशी पोरं आपल्या घरी ठेवून घेतली होती, शेकड्यांनी. चोवीस वर्षांत ती पोरं बाप्ये झाली होती.

आपल्याकडे ८२ च्या गिरणी संपात काकू मला नि ताईला हाक मारायच्या, “जवळ्यात मीठ बरोबर पडलंय का, बघून जा रे.” जेवायला या असं कधी म्हणाल्या नाहीत, आमच्या आईचा मान राहावा म्हणून. आणि मीठ बघता बघता दोन-दोन भाकऱ्या संपायच्या.

काकूंना नमस्कार. मीठ बरोबर होतं म्हणावं.

तुझा,
अव्या