रविवार नि बुधवार

नागपूर, बुधवार, रात्रीचे अकरा

प्रिय सुमे,

आठ महिने पत्र नाही, कबूल. गुडघा तसाच, यांचं बीपी बरं. आज लिहायला बसले, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

आपली पिंकी गं. गेल्या महिन्यात रात्री फोन, "आत्या, आईला सांगू नको." दिवस जाऊ नयेत म्हणून नंतर घ्यायच्या त्या 72 तासांच्या गोळ्या पोरीने एकाच महिन्यात तीनदा घेतलेल्या, पाळीचा पत्ता नाही. मोहल्ल्यातल्या डॉक्टरीणबाईंचा पहिला प्रश्न, "मिस्टर कुठे आहेत?" ही तशीच उठून आली. वीस वर्षांची घोडी, पण रडत होती.

मग मी तिला गांधीबागेत डागाला, म्हणजे बायकांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिच्याहून मीच जास्त घाबरलेली. सिस्टरने आधी लघवी तपासली (नाही काही, देवा!), मग सरळ सांगितलं: त्या गोळ्या अडीनडीच्या, नेहमीच्या नव्हेत. नेहमीसाठी तांबी आहे, दर तीन महिन्यांनी ‘अंतरा’ नावाचं इंजेक्शन आहे, छाया गोळी आहे, सगळं फुकट. निरोध मात्र सोबत हवाच, गोळीने गुप्तरोग थांबत नाही. नवऱ्याचं नाव विचारलंच नाही!

पाळी आल्यावर पिंकीने छाया सुरू केली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. पाकीट माझ्या मेथीच्या डब्यात. म्हणून ती दर रविवारी नि बुधवारी "आत्याकडे अभ्यासाला" येऊन राहिली, आणि वहिनी गावभर सांगून राहिली की पोरगी सुधरली. आज माझ्यासाठी साबुदाणे वडे पाठवले. घशाखाली उतरेनात.

सीताबर्डीचं ते दुकान आठवतं? तुझ्यासाठी माला-डीच्या, मूल नको म्हणून घ्यायच्या गोळ्या मागायला गेलो, काउंटरवर ओळखीचे काका, आणि मी क्रोसिन घेऊन पळाले. चार महिने बोलली नाहीस. वर मी क्रोसिनचे पैसे मागितले! पुढे तू कुठे गेलीस, कुणासोबत, हे मी आजवर विचारलं नाही. डागाच्या बाकावर बसले तेव्हा तेच डोक्यात होतं.

वहिनीला सांगू का? सांगितलं तर पिंकी पुन्हा एकटीच त्या गोळ्या खाईल. नाही सांगितलं आणि कळलं तर... वहिनी तुला माहीत आहे. सिस्टर म्हणाली, "ताई, ते तिचं आहे, तुमचं नाही." पटतं गं. पण वडे परत कसे करू?

घराचं रंगकाम झालं? मोठ्याची नोकरी? लिही. नाहीतर फोनच कर, फक्त बुधवारी चारनंतर नको, पिंकी असते.

तुझी,
मंदा