पहिलं इंजेक्शन ॲम्ब्युलन्स निघण्याआधी द्या

प्रति,
मा. आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
कर्नाटक राज्य

महोदय, स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत मी २७ वर्षं विज्ञान शिकवलं. त्यामुळे पत्रात थोडा धडा शिरेल, तेवढं सोसून घ्यावं.

गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या भाचीला तिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या. गाव जांबोटीच्या पलीकडचं, पावसाची झड लागलेली. जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासलं आणि "बेळगावला न्या" म्हणून चिठ्ठी हातात दिली. बेळगावात पोचल्यावर तिला डेक्सामेथासोनचं, म्हणजे पोटातल्या बाळाची फुप्फुसं लवकर तयार करणाऱ्या औषधाचं, पहिलं इंजेक्शन मिळालं आणि दोन तासांत ती बाळंत झाली. कळा सुरू होऊन तोवर १४ तास झाले होते. बाळ रडलं, पण दर श्वासाला छाती आत ओढली जायची, बरगड्या मोजता यायच्या आणि श्वास सोडताना बारीक कण्हणं ऐकू यायचं. तिसऱ्या दिवशी ते गेलं.

ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. तीत रक्तदाब आहे, नाडी आहे, गाडीचा नंबर आहे. डेक्सामेथासोन दिल्याची वेळ नाही, कारण ते दिलंच नव्हतं.

आता धडा. दुधाची रिकामी पिशवी आतून ओली असली की तिच्या दोन बाजू एकमेकींना चिकटतात. फुप्फुसातले वायुकोशही आतून ओलेच असतात. ते मिटू नयेत म्हणून त्यांच्या भिंतीतल्या टाइप-२ पेशी सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ बनवतात. तो दहात नऊ भाग स्निग्ध, उरलेला प्रथिनांचा. त्यातला मुख्य स्निग्ध घटक टप्प्याटप्प्याने तयार होतो, आणि त्याचा वेग बहुतांशी एकच एन्झाइम (शरीरातली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) ठरवतं: फॉस्फोकोलीन सायटिडिलट्रान्सफरेज. गिरणीत रांग कितीही लांब असो, पीठ पडणार ते जात्याच्याच वेगाने. शेवटी रेणूची वाकडी शेपटी काढली जाते आणि आणखी एक एन्झाइम तिथे सरळ शेपटी बसवतं. सरळ शेपट्या दाटीवाटीने उभ्या राहतात, म्हणून थर मजबूत होतो.

हे काम साधारण २४ व्या आठवड्याच्या सुमाराला सुरू होतं आणि पुरेसा साठा व्हायला ३४-३५ आठवडे लागतात. (सातमाशी जगतं, आठमाशी जगत नाही, असं आमच्याकडे अजून छातीठोकपणे सांगतात. उलट आहे.)

डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोचतं. मग त्या पेशींत फॅटी ॲसिड सिंथेज हे चरबी बनवणारं एन्झाइम जास्त बनतं, सायटिडिलट्रान्सफरेजचं कामही वाढतं. न्यूझीलंडचे डॉक्टर लिगिन्स यांना हे मेंढ्यांत दिसलं: इतक्या लवकर जन्मलेली जी कोकरं जगणार नाहीत असं वाटत होतं, ती श्वास घेत होती. १९७२ साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी डॉक्टर हॉवी यांनी गरोदर बायकांवरचे निष्कर्ष छापले. पण एन्झाइम वाढणार, मग चरबी बनणार, मग ती वायुकोशात उतरणार, याला तास लागतात. पूर्ण गुण यायला सुमारे एक दिवस. आमच्या १४ तासांतले बहुतेक रस्त्यात आणि रांगेत गेले.

२०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या, वेळेआधी बाळंत होण्याची शक्यता असलेल्या २,८५२ गरोदर बायकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. औषध मिळालेल्या गटात नवजात मृत्यू १९.६ टक्के, न मिळालेल्यात २३.५ टक्के. म्हणजे शंभरात सुमारे चार बाळं जास्त वाचली. भाचीचं बाळ त्या चारातलं असतं असं मी म्हणत नाही. म्हणायचं एवढंच, की या अभ्यासात बेळगावचं मेडिकल कॉलेजही होतं. बेळगावात सिद्ध झालेली गोष्ट जांबोटीला पोचायला किती वर्षं लागावीत?

हे इंजेक्शन सरसकट टोचा, अशी माझी मागणी नाही. २०१५ साली आलेल्या आधीच्या एका मोठ्या अभ्यासात, आणि त्यातही बेळगाव होतं, गावपातळीवर ते वाटल्याने एकंदरीत फायदा दिसला नाही, उलट आयांमध्ये जंतुसंसर्गाचा संशय वाढला. दिवस नेमके किती गेलेत हे आधी कळायला हवं. म्हणून पहिली सोनोग्राफी लवकर व्हावी आणि तिची तारीख तायी कार्डावर, म्हणजे गरोदर बाईच्या नोंदींच्या सरकारी कार्डावर, ठळक लिहिलेली असावी. ते कार्ड इथल्या बायकांना वाचता येईल अशा भाषेतही हवं. माझी भाची ते नवऱ्याकडून वाचून घ्यायची, आणि तो गोव्यात कामाला असतो.

केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्यास एएनएम सिस्टरसुद्धा (उपकेंद्रातली परिचारिका) पुढे पाठवण्याआधी पहिला डोस देऊ शकते. ६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन, दर १२ तासांनी, असे चार. औषध स्वस्त आहे. नवा कायदा लागत नाही. पुढे पाठवण्याच्या चिठ्ठीवर एक रकाना वाढवा: गर्भाचे आठवडे किती, पहिला डोस किती वाजता, आणि दिला नसेल तर का नाही. तो कोरा असेल तर त्या आठवड्यातच तालुका आरोग्य अधिकाऱ्याने विचारणा करावी.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात येताच. एक दिवस काढून जांबोटी-कणकुंबी रस्त्यावरच्या दवाखान्यांत जा आणि गेल्या वर्षभरातल्या अशा चिठ्ठ्यांच्या प्रती मागवा. भाचीची चिठ्ठी दाखवायला मी तिथे येईन.

पत्राची कन्नड प्रत सोबत जोडली आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, खानापूर तालुका