घंटा घेताना आधी वाजवून बघा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार. आमचा हाताने घंटा ओतायचा छोटासा व्यवसाय आहे. गिऱ्हाईक समोर आलं की आधी चकाकी बघतं, मग वजन करून बघतं, आणि वाजवून बघायचं कितीतरी जणांच्या लक्षातच येत नाही, अहो घंटा घ्यायची ती आवाजासाठीच ना! चांगल्या काशात साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील असतं, कथिलामुळे धातू कडक होतो आणि नाद लांबतो पण त्यानेच तो ठिसूळही होतो, म्हणजे फरशीवर पडली तर तडा जाऊ शकतो. बारीक तडा डोळ्याला दिसत नाही पण कानाला कळतो, आवाज बद्द येतो.

परवा एक ताई घंटा मुठीत धरून वाजवत होत्या, म्हणाल्या हिला आवाजच नाही. वरच्या कडीला धरायला सांगितलं, मग वाजली आणि नाद विरेपर्यंत त्या काही बोलल्याच नाहीत. असं गिऱ्हाईक भेटलं की खूप बरं वाटतं.

काहीजण सेम टू सेम दोन मागतात. मेणाच्या नमुन्यावरून ओतताना मेण वितळून जातं, मातीचा साचा फोडावा लागतो, आणि काठ जरा जाड राहिला तरी सूर चढतो. आतून घासून तो थोडा उतरवता येतो, त्याला वेळ लागतो, तेवढा कृपया द्या. फोटो बघून ऑर्डर करणाऱ्यांनी आवाजाची क्लिप जरूर मागवा आणि ती हेडफोन लावून ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर खालचे सूर नीट येत नाहीत.

— एक घंटा कारागीर