चुलीवरचं शिसं

देवगड, २० जून

चि. बाबू यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू बोलता बोलता म्हणालास, मासेमारीबंदीत हात रिकामे आहेत म्हणून पडवीत शिसं वितळवून जाळ्याला वजनासाठी लावायच्या गोळ्या ओततोय. मागे माझी नात बाय खेळत होती, तिचा आवाज आला. रात्रभर डोळा लागला नाही माझा.

हे काम तू माझंच बघून शिकलास. होड्या वर ओढल्या की मी जुन्या बॅटरीच्या प्लेटी कढईत टाकायचो. शिसं ३२७ अंशांला वितळतं, घरच्या चुलीवर सहज. पाऊस आत येऊ नये म्हणून ताडपत्री बांधलेली, धूर सगळा घरातच. गोळी दोरीवर दातांनी चेपायची, आणि तसेच हात भाताला. तीसेक पावसाळे असे गेले. कुठे काही दुखलं नाही रे, हीच तर गोम आहे.

आधी पायाचा अंगठा सुजला, मग प्रेशर वाढलं. दोन वर्षं मी दोन्हीची वेगवेगळी औषधं घेत राहिलो. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "पावसाळ्यात काय करता?" शिशाचं सांगितल्यावर त्यांनी सोनोग्राफी करून घेतली. दोन्ही मूत्रपिंडं आकसलेली. प्रेशरचाही हात असेल, म्हणाले, पण शिशाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

त्यांनी समजावलं ते असं. मूत्रपिंडात बारीक नळ्या असतात. शिसं त्यांच्या पेशींत शिरतं, पेशी मरतात आणि त्यांच्या जागी नुसता चिवट व्रण राहतो. युरिक ॲसिड नीट बाहेर पडत नाही, सांध्यात साचतं, म्हणून माझा अंगठा सुजला. मूत्रपिंडाचं निम्मं काम जाईपर्यंत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसं चालतंय ते दाखवणारा रक्तातला आकडा, फारसा हलतच नाही. मोठ्या माणसाच्या अंगातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत बसतं आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं रक्तात उतरत राहतं. मी चूल बंद केली, पण माझी हाडं ते अजून सोडतायत. लोक म्हणतात तसं गूळ खाऊन ते जात नाही. झालेला व्रणही भरून येत नाही.

आता बायबद्दल ऐक. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला व्हरांड्यांच्या कठड्यांना शिशाचा रंग असायचा. त्याची भुकटी हातावाटे मुलांच्या पोटात जायची, आणि पुढे त्यांतली कित्येक तरुणपणीच मूत्रपिंडाच्या आजाराने गेली. १९२२ साली तिथे त्या रंगावर कायद्याने बंधन आलं. लहान मुलाच्या अंगात शिसं मोठ्यापेक्षा कितीतरी जास्त मुरतं. आणि ती तर दिवसभर पडवीत रांगते, बोटं चोखते.

तेव्हा कढई आजच उतरव. गोळ्या तयार विकत घे, पैसे मी देतो. पडवी झाडू नकोस, झाडलं की धूळ उडते. ओल्या फडक्याने पूस. कामाचे कपडे वेगळे धू. उरलेलं शिसं खाडीत टाकू नकोस, भंगारवाल्याला दे. तुझं, सूनबाईचं आणि बायचं रक्त शिशासाठी तपासून घे. नेहमीच्या तपासणीत ते येत नाही, नाव घेऊन सांगावं लागतं. काम थांबलं की रक्तातला आकडा महिन्याभरात निम्म्यावर येतो, म्हणून उशीर नको. तुझं प्रेशर आणि क्रिएटिनिनही बघ.

मंगळवारी माझी तपासणी आहे. त्याआधी तुमचं रक्त देऊन झालं असेल तर फोन कर, म्हणजे मी डॉक्टरांना तुमच्याबद्दलही विचारीन.

तुझे बाबा