मंगळवारची सभा आपल्या घरी

पुणे, 12 मे

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आधी बातमी. येत्या 1 जुलैला आमच्या रोटरी क्लबच्या अध्यक्षपदाची कॉलर माझ्या गळ्यात पडणार आहे. हे फोनवरही सांगितलं असतं, पण पुढचं सगळं फोनवर बोलता आलं नसतं.

पदग्रहणाचं भाषण लिहायला बसले आणि आठवला डिसेंबर 1995. देशातली पहिली पल्स पोलिओ मोहीम. मी सातवीत होते. आई, तुझ्या फ्रीझरमधून बर्फाचे ट्रे बाहेर निघाले होते आणि तिथे लसीच्या थंड पेटीचे, म्हणजे व्हॅक्सिन कॅरियरचे आइसपॅक रचले होते. रात्री दोनदा उठून तू ते गोठलेत का पाहायचीस. लस गार राहिली नाही तर दोन थेंबांचा उपयोग शून्य, हे मला तू सांगितलंस, बाबांनी नाही.

त्याच आठवड्यात आपल्या गावच्या रोटरी क्लबच्या सभेत एका काकांनी बाबांच्या हिशेबावर हरकत घेतली होती. घरी बरंच तापलेलं वातावरण होतं. आई, तू तर 'आता त्यांच्या घरी हळदीकुंकवालाही जाणार नाही' म्हणालीस. बाबा जेवता जेवता एवढंच बोलले, 'हरकत बरोबर आहे. पावती नव्हतीच माझ्याकडे.' आणि मोहिमेच्या दिवशी पहाटे पाच वाजता तेच काका आपली जीप घेऊन दारात उभे! ऊसतोड्यांच्या टोळ्या फडात जायच्या आत त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर पोचायचं होतं. बाबा, तुम्ही आणि काका पुढे, मी मागे कॅरियर मांडीवर घेऊन. वाटेत हिशेबाचा विषय निघाला नाही. त्यांनी थर्मासमधला चहा आधी तुम्हाला दिला.

पुढे कित्येक वर्षं मी तुमच्याबरोबर येत राहिले. पोरांच्या डाव्या करंगळीला शाईची खूण करायचं काम माझं. मुकादमाला दमात घ्यायचं नाही, त्याच्या बायकोशी बोलायचं, म्हणजे सगळ्या कोप्यांमधली पोरं बाहेर येतात, हे तुम्ही दुसऱ्याच फेरीत ओळखलंत.

रोटरीने जगातून पोलिओ घालवायचं 1985 मध्ये मनावर घेतलं. आपल्या देशातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण हावड्याची एक लहान मुलगी, 13 जानेवारी 2011. त्या वर्षी जुलैपासून जगभरच्या रोटरीचे अध्यक्ष वापीचे कल्याण बॅनर्जी होते, याचा तुम्हाला केवढा अभिमान! 27 मार्च 2014 ला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला तेव्हा तुम्ही फोन करून 'झालं बाई एकदाचं' म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. बोलवत नव्हतं तुम्हाला, मला कळलं होतं.

पण खरं सांगू? तुमच्या अध्यक्षपदाच्या वर्षापेक्षा मला त्यानंतरचा पहिला मंगळवार जास्त लक्षात आहे. 30 जूनला तुमचं वर्ष संपलं. पुढच्या सभेला मी तुमच्याबरोबर आले, तर तुम्ही मागे खुर्च्या लावत होता, हजेरीच्या वहीवर सह्या घेत होता. नवे अध्यक्ष तुमच्याहून बारा वर्षांनी लहान. बोलताना अडखळले. तुम्ही पुढे जाऊन सावरलं नाहीत, जागेवरूनच मान हलवत राहिलात, 'चाललंय, चालू दे' अशी. त्यांना तेवढंच पुरलं. मला हे जमायला हवं आहे.

आणि आई, तुझं एक राहिलंय. सदस्याची बायको म्हणून तुला सगळे 'ॲन' म्हणायचे आणि आम्ही पोरं 'ॲनेट'. रोटरीने बायकांना सदस्यत्व 1989 मध्ये खुलं केलं, तरी आपल्या गावात तुला कुणी विचारलं नाही. मीही नाही. फ्रीझरचा तो आठवडा कुठल्याच अहवालात नाही. माझ्या भाषणात तो पहिला येईल, तुझ्या नावासकट. नको म्हणू नकोस.

आता माझं मागणं. बाबा, गुडघ्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलचे जिने तुम्हाला चढवत नाहीत, म्हणून दिवाळीपासून तुम्ही सभेला गेला नाहीत. 'आता माझं काय काम तिथे' असं आईला म्हणालात म्हणे. शिकागोत 23 फेब्रुवारी 1905 ला पॉल हॅरिस आणि तिघे मित्र एकाच्या कचेरीत जमले, तेव्हा कुठला हॉल होता? पुढे पाळीपाळीने एकेकाच्या जागी बसायचे, म्हणून तर नाव रोटरी पडलं. तुम्हीच मला हे सांगितलंत.

तर येत्या मंगळवारी पाळी आपली. मी काकांना फोन केला आहे. आता जीप नाही, पण त्यांचा मुलगा क्लबमधल्या चौघांना गाडीतून आणून सोडेल. आई, तू ओट्यापाशी जायचं नाहीस, कांदेपोहे आणि चहा मी बघते. सोमवारी रात्रीच्या गाडीने येते आहे.

बाबा, कपाटातली घंटा आणि हातोडी पुसून ठेवा. सभा तुम्हीच सुरू करायची आहे.

तुमची,
मनू