‘सज्ज’ छापण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) असो, पावसाळा असो की हिवाळी अधिवेशन, मथळा ठरलेला: ‘यंत्रणा सज्ज’. आत बातमी वाचावी तर नालेसफाई चालू असते आणि पंपांची निविदा अजून निघायची असते. ‘सज्ज’ हा पुऱ्या झालेल्या तयारीचा शब्द आहे. वाळ्याच्या नव्या ताट्या बसल्या, पंप पाणी चढवतो, ताटी कोपऱ्यापर्यंत भिजते, तेव्हा कूलर सज्ज. ताट्या दुकानातच असतील तर तयारी सुरू आहे, एवढेच म्हणावे.

२३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरले. अशा शहरात ‘सज्ज’ वाचून लोक तळमजल्यावरचे सामान तसेच ठेवतात. म्हणून हा शब्द जपून वापरायला हवा.

हाती घेतलेल्या, पण न संपलेल्या कामासाठी आपल्याकडे ‘कंबर कसणे’, ‘पदर खोचणे’, ‘बाह्या सरसावणे’ आहेतच. मात्र ही माणसांची कामे. कर्मचारी कंबर कसतात, पंप नाही. ‘शड्डू ठोकणे’ आणि ‘दंड थोपटणे’ यांना समोर प्रतिस्पर्धी लागतो. निवडणुकीच्या बातमीत ते शोभतात, उष्माघाताच्या बातमीत नाही.

सर्वाधिक घोळ ‘तयार’चा होतो. ‘रुग्णालय खाटा वाढवण्यास तयार’ म्हणजे खाटा येऊन पडल्या, की नुसता होकार मिळाला? होकार असेल तर सरळ ‘राजी’ लिहावे. ‘सुसज्ज’ आणि ‘सज्ज’ही एक नव्हेत. साधनसामग्रीने परिपूर्ण ते सुसज्ज; पण रात्रपाळीला डॉक्टरच नसेल तर सुसज्ज रुग्णालयही सज्ज नसते. ‘सेवेस तत्पर’मध्ये साधनांपेक्षा मनाचा उत्साह मोठा, त्यामुळे रिकाम्या औषधपेटीवर तो उतारा नाही.

‘सन्नद्ध’ नह् धातूपासून आला. नह् म्हणजे बांधणे; कवच बांधून उभा राहिलेला तो सन्नद्ध. अग्निशमन दलाला तो साजतो, मंडपाला नाही. ‘सिद्ध’चा जुना अर्थ तयार असाच, पण आजचा वाचक आधी ‘पुराव्याने ठरलेले’ असे समजतो. मथळ्यात तो टाळलेलाच बरा.

हे दोन्ही शब्द छापताना ‘ध्द’ होऊन येतात. आधी द, मग हलन्ताची खूण, मग ध, या क्रमाने टंकले की ‘द्ध’ बरोबर उमटतो. क्रम उलटला तर ‘सन्नध्द’ होते, आणि मुले शाळेच्या वहीत तेच उतरवतात. मुद्रितशोधकाने संगणकावर ‘ध्द’ शोधून एकदम बदलले तर सिद्ध, शुद्ध, युद्ध, प्रसिद्ध सगळेच एका फेरीत सुधारतात.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर